पूर्वेचा खांब

चारकोप, कांदिवली (प.)
९ जून २०२५

ती. नलूताईस,
सुबोधचा नमस्कार.

आधी यादी देतो, म्हणजे पुढचं नीट समजेल. या दोन हातांनी मी काय काय केलंय ते. बोरिवलीच्या कॉलेजातले बास्केटबॉलचे दोन खांब, सहा इंची पाइपाचे, पत्रा पाच मिलिमीटर, साल २००८. त्यांचे पुढे आलेले हात, प्रत्येकी सव्वा मीटर. दोन रिंगा, आतून पंचेचाळीस सेंटिमीटर, मोजून घे. दोन बोर्ड. रिंगांची जाळी, बारा फासांची. ती विणायला मढला सोनूबाई कोळणीच्या ओट्यावर चार रविवार बसलो, बोटं सोलली. मैदानावर रेषा मारायचा पत्र्याचा छाप. गुण दाखवायचा फलक, पाट्या उलटायचा. आणि खांबांच्या पायाशी सिमेंटचे दोन छोटे ओटे, दसऱ्याला नारळ फोडायला आणि फुलं ठेवायला. त्यांच्या कडा मुद्दाम बोटभर उचलून घोटल्यात, म्हणजे नारळाचं पाणी मैदानावर येऊन कुणी घसरायला नको. आजतागायत एक थेंब बाहेर आलेला नाही.

जाळी सोडली तर यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही. मी बारावी नापास, वर्कशॉपमध्ये लोखंड कापणारा-जोडणारा, हे तुला माहीत आहे, आणि कॉलेजलाही माहीत आहे.

आता बातमी. परवापासून मी त्या कॉलेजच्या मुलींच्या संघाचा मुख्य प्रशिक्षक झालोय. हसू नकोस. आधीचे अनिरुद्ध सर मे महिन्यात अंधेरीच्या कॉलेजात गेले आणि जाताना बारातल्या सात मुली घेऊन गेले. त्यांच्या हाताखाली मी अकरा वर्षं फुकट चेंडू फुगवले, खेळाच्या नियमांचं पुस्तक डिक्शनरी शेजारी ठेवून तीनदा वाचलं. महिना साडेआठ हजारांत दुसरा कुणी यायला तयार नव्हता, हेही खरं. पण मिळालं.

संस्थेचे चिटणीस चंद्रप्रकाश यांनी एक अट घातलीय. ३० सप्टेंबरपर्यंत बारा मुलींची नावं स्पर्धेसाठी गेली पाहिजेत. नाही गेली तर संघ बंद, आणि मैदानावर पार्किंग. त्यांनी नकाशासुद्धा काढून ठेवलाय, एकोणीस गाड्यांचा. माझ्याकडे मुली पाच. ताई, मला भीती वाटते. शेवंतीला हे बोललो नाही. नवऱ्याला भीती वाटते हे बायकोला कळलं की घरात दोघं घाबरतात.

म्हणून विचारतो. आपली ऋतिका बारावी पास झाली ना? पाच फूट साडेदहा इंच, असं राधा फोनवर लेकीचं कौतुक करत म्हणाली होती. तिला इथे कॉलेजला घाल. राहील आमच्याकडे. तुझी नात ती माझीही नात. तिचे हात मोजून पाठव: भिंतीला पाठ, दोन्ही हात पसरून, मधल्या बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत. शिंप्याची टेप घेऊ नकोस, ती ताणलेली असते. सुताराची घे.

तुला फोनवर ऐकू येत नाही याचं पूर्वी वाईट वाटायचं. आता वाटतं बरं झालं, फोनवर मी हे बोललो नसतो.

तुझा,
सुबोध

०

कणकवली
१८ जून

चि. सुबोधास अनेक आशीर्वाद.

शाळेत बाईंनी शिकवलेलं शुद्ध लिहायला बसते. पण तुला माहीत आहे, राग आला किंवा काळजी लागली की हातातून मालवणीच उतरते. तेव्हा समजून घे.

सहा फूट एक इंच. टेप सुताराचीच घेतली. तो मेला विचारतो, "मावशे, लांबी कित्या व्हयी? पेटी करूची आसा काय?" मी म्हटलं, नातीचे हात मोजतंय, तोंड सांभाळ. घरी येऊन मीठ ओवाळून टाकलं.

पाठवते तिला. राधा गोव्याहून पैसे पाठवते, पण पोरीला वाढवलं मी, तेव्हा विचार माझ्याशी कर. ती खोखो खेळते, व्हॉलीबॉल खेळते, बास्केटबॉल फक्त मोबाइलवर बघितला आहे. भात दोनदा लागतो. उकडा. कान माझे गेले, तिचे चांगले आहेत, पण माझ्याजवळ राहून तिला एक सवय लागली आहे. कशालाही हात लावून बघते. फ्रिज चालू आहे का ते हात लावून, पंप भरतो का ते हात लावून. वेडी समजू नका.

तुझी यादी वाचून बाबा आठवले. खंडेनवमीक गिरणीत घरच्या माणसांका आत सोडीत, ती आठवण. तू माझ्या कडेर होतंस, तुका काय आठवणार. सगळ्या यंत्रांना झेंडूच्या माळा. बाबांनी मला एका लोखंडी खांबाला हात लावून उभं केलं आणि पलीकडून हातोडी मारली. हाताक अशा मुंग्या इल्या, मी रडाक लागलंय. तेव्हा बाबा म्हणाले होते, "नलू, वाजता तेका भिया नको. गप रवता तेका भी." फिटर माणूस, चार शब्द बोलायचा, पण मोजून.

आता विचारते ते सरळ सांग. त्या तुझ्या खांबांखाली पोरीक उभी करतलंस. खांब बरे आसत मा? माका एकच नात.

आशीर्वाद,
नलिनी

०

चारकोप
३ ऑगस्ट

ती. नलूताईस,
नमस्कार.

खांब बरे आहेत का असं मला विचारलेली तू पहिलीच. उत्तर: हो.

ऋतिका रुळली. उकडा तांदूळ शेवंतीने कांदिवली स्टेशनजवळच्या मालवणी दुकानातून आणला. घरी ती मला आजोबा म्हणते, ते ठीक. पहिल्या दिवशी मैदानावर, सगळ्यांसमोर, हाक मारली, "ओ आजोबा, चेंडू देवा!" मुली इतक्या हसल्या की क्षमा खाली बसली. मी चोपन्न वर्षांचा आहे. सांगून टाकलं, मैदानावर आजोबा म्हटलंस तर दहा फेऱ्या. तिने आठवड्यात चाळीस मारल्या.

क्षमा म्हणजे आमची कप्तान. मुलुंडहून येते, पाच फूट चार, जीभ सहा फूट. मला म्हणाली, "सर, अनिरुद्ध सर गेले ते बरं झालं नाही, तुम्ही आलात ते वाईट झालं नाही. बघू." हे ती कौतुक म्हणून बोलली असं ऋतिकाचं म्हणणं.

आता मुली दहा. एकेकीला कसं आणलं ते लिहिलं तर पत्राचं वजन वाढेल, पण दोन सांगतो. घाटकोपरची एक, खोखोतली, अशी वळते की समोरचीची मान आखडते. तिच्या वडिलांनी विचारलं, "यातून पुढे काय?" मी म्हटलं, "पुढचं माहीत नाही. आत्ता डाव्या बाजूला कुणी नाही." ते हसले, फॉर्मवर सही केली. दुसरी सकाळी केमिस्टच्या दुकानात बसते, उंची इतकी कमी की क्षमा म्हणाली, "सर, हिला रिंग आहे हे कुणीतरी सांगितलेलं बरं." पण तिचा पास म्हणजे हातात ठेवल्यासारखा. डावपेच मी पत्र्यावर शिकवतो, खडूने मैदान आखून. नट म्हणजे आपण, वॉशर म्हणजे ते. जुन्या पाचजणी आधी नाकं मुरडत होत्या, आता स्वतःच नट सरकवतात आणि भांडतात.

सराव सकाळी साडेसहाला, दोन तास.

एक बारीक गोष्ट, लिहितो कारण तुझी नात लिहिणारच आहे. पश्चिमेच्या बोर्डाला चेंडू लागला की तो खांब जरा जास्त वेळ थरथरतो. पूर्वेचा चटकन शांत होतो. ऋतिकाने हात लावून पाहिलं आणि म्हणाली, "सर, ह्यो गुणगुणता." मी म्हटलं, तू चेंडूकडे बघ. सतरा वर्षांत त्या खांबाचा एक नट ढिला झालेला नाही. दर दसऱ्याला मी स्वतः रंग मारतो, वरपासून ओट्यापर्यंत.

दोन मुली अजून हव्यात. दिवस अठ्ठावन्न.

तुझा,
सुबोध

०

(पोस्टकार्ड)

कणकवली
२१ ऑगस्ट

सुबोध,
पाकीट संपलं, गणपतीची घाई, म्हणून कार्ड. ऋतिकाने लिहिलं तेच तू लिहिलंस. ती लिहिते, हात लावला की कोपरापर्यंत येतं. दोघं एकच सांगताहात म्हणजे काहीतरी आसा. पेपरात वाचलंय, खयतरी लांब खांब पडान एक झिल गेलो. सोळा वर्षांचो. माका रात्रंदिवस ताच दिसता. त्या पश्चिमेच्या खांबाखाली तिका उभी करू नको. तुका माझी आण. नावां बारा होवंदेत नायतर पन्नास.
नलिनी

०

चारकोप
५ ऑक्टोबर

ती. नलूताईस,
नमस्कार.

पोस्टकार्ड पाठवू नकोस. सोसायटीच्या वॉचमनने आधी कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि मग मला दिलं. वर विचारतो, "साब, खंबा गिर गया क्या?" आता गेटमधून आत येणारा प्रत्येक माणूस माझ्या खांबाची चौकशी करतो.

पहिली बातमी: बारा नावं गेली. २९ सप्टेंबरला, एक दिवस आधी. बारावं नाव मिळालं ते असं. दहिसरची एक मुलगी रोज कुंपणाबाहेर उभी राहून सराव बघायची. मला वाटायचं कुणाची तरी मैत्रीण. एक दिवस क्षमाने तिच्या अंगावर चेंडू फेकला, "बघतेस काय, घे." तिने एका हाताने घेतला. डावखुरी निघाली. चंद्रप्रकाशनी यादी पाहिली, बोटाने नावं मोजली, दोनदा, आणि म्हणाले, "मग आता २९ नोव्हेंबरचा सामना आपल्याच मैदानावर. मोठे पाहुणे येणार, नव्या इमारतीला देणगी देणार आहेत." समोर कोण? अंधेरीचं कॉलेज. अनिरुद्ध सर आणि आमच्याच सात मुली.

आता तुझ्या कार्डाचं. राग आला होता, म्हणून सहा आठवडे लिहिलं नाही. जे मी आखलं, कापलं, जोडलं, उभं केलं, त्याबद्दल वर्तमानपत्रातल्या एका बातमीवरून मला शंका विचारायची? तरी तुझ्या समाधानासाठी सांगतो. दसऱ्याला रंग मारायच्या आधी दोन्ही खांब हातोडीने ठोकून पाहिले, ओट्याच्या वर एक फुटापासून छातीपर्यंत, दर चार इंचांवर. ठणठणीत. मग सतरावा थर दिला, ओट्यांवर नारळ फोडले, मुलींनी झेंडू वाहिला, ऋतिकाने हळद लावली. फोटो शेवंती पाठवेल.

सध्या आम्ही पूर्वेच्या रिंगेवरच सराव घेतो. अर्धं मैदान पुरतं, मुली एकत्र राहतात, मला सगळ्यांवर लक्ष ठेवता येतं. शिवाय पश्चिमेच्या रिंगेकडे तोंड केलं की ऊन डोळ्यांवर येतं.

तेव्हा काळजी करू नकोस. ऋतिका पूर्वेच्या खांबाखाली असते.

तुझा,
सुबोध

०

कणकवली
१४ ऑक्टोबर

चि. सुबोधास आशीर्वाद.

सकाळी साडेसहाला पश्चिमेकडे तोंड केल्यावर डोळ्यांवर ऊन कुठून येतं रे? मी बहिरी आहे, आंधळी नाही. ऊन इकडे कणकवलीत पूर्वेकडून येतं, बोरिवलीत काय वेगळं?

तू भियालंस. तू त्या पश्चिमेच्या खांबाला घाबरून पोरींना दुसरीकडे नेलंस आणि मला ऊन सांगतोस. लहानपणी आईच्या हातची चिनीमातीची बरणी फुटली तेव्हा मांजर सांगितलं होतंस. आपल्याकडे मांजर नव्हतं.

घाबरलास याचा राग नाही. मीच तुला घाबरवलं. पण घाबरलेल्या माणसाने बघायचं असतं, तोंड फिरवून बसायचं नसतं.

ऐक. आपल्या गावच्या घराच्या पडवीतली मेढी, छपराखालचा तो खांब, आठवते? फणसाची, दोन हातांत न मावणारी. आई रोज सकाळी तिच्या मुळाशी सारवायची, रांगोळी घालायची, फूल ठेवायची. तीस वर्षं. बाहेरून दगड. एका शिमग्याला देवेश काकाने सहज कोयती टेकवली तर आत भुसा. रोजचं ओलं, रोजची पूजा, आणि वरून माया केल्यासारखं सारवण. पडवी खाली येण्याच्या आधी आठ दिवस मी तिथेच पाळणा बांधून राधाला झोपवत होते. अजून अंगार काटो येता.

तू लिहिलंस, ओट्याच्या वर एक फुटापासून ठोकलं. मग खालचा कोण बघतलो? सतरा वर्षां पाणी त्या ओट्यात थांबता, तूच लिवलंस, एक थेंब भायर येणा नाय म्हणान. ता पाणी जाता खय रे?

ओटे फोड. दोन्ही. एकच फोडून आलंस तर माझी शपथ आसा. देवाचो म्हणान हात मागे घेव नको, पाप लागला तर माका लागांदे.

नलिनी

०

चारकोप
९ नोव्हेंबर

ताई,

दोन्ही फोडले. क्रमाने लिहितो. क्रम सोडला तर मला पुढे लिहिता येणार नाही.

बुधवार, २९ ऑक्टोबर. दिवाळीची सुट्टी, मैदान रिकामं. सकाळी आठला मी आणि ऋतिका. तिला वीस पावलं लांब उभं केलं, पावलं मोजून. छिन्नी, दोन हातोड्या, जाड स्क्रू ड्रायव्हर. आधी पश्चिमेचा. ओटा फुटता फुटेना, अर्धा तास गेला. चांगलं काम केलं होतं मी. सिमेंट निघालं, पाइपावर वरवरचा तांबूस गंज. खरवडला, खाली लोखंड चांदीसारखं. स्क्रू ड्रायव्हर टेकवून हातोडी मारली तर उडून माझ्याच मनगटाला लागला. मी तिथे मांडी घालून बसलो आणि हसलो. दोन महिन्यांनी पोटभर हसलो. ऋतिका लांबून ओरडली, "आजोबा, मगे तो थरथरता कित्या?" मी म्हटलं, बोर्डामागचे चार बोल्ट आवळायचे राहिलेत, दुसरं काही नाही. फेऱ्या मारायला लावल्या नाहीत.

हत्यारं पोत्यात गुंडाळली होती. पूर्वेचा फोडायचं काही कारण उरलं नव्हतं. तो पहिल्यापासून शांत. तुझी शपथ नसती तर मी घरी येऊन तुला विजयाचं पत्र लिहिलं असतं.

पूर्वेचा ओटा तीन घावांत सुटला. आत काळं पाणी होतं, ताई. हातभर खोल. त्या बाजूला मुलींचा पाण्याचा नळ आहे, सगळ्या तिथेच तोंड धुतात, पाय धुतात, आणि सांडलेलं सगळं उतारावरून माझ्या ओट्यात. मी कडा उचलून घोटल्या होत्या ना, एक थेंब बाहेर येत नव्हता. पाइप वरून लखलखीत पिवळा. सतरा थर. मी स्क्रू ड्रायव्हर टेकवला. हातोडी उचललीसुद्धा नाही. तो मुठीपर्यंत आत गेला.

आवाज झाला नाही. हे मी तुला कसं सांगू? बोट घालून पाहिलं तर आत गंजाचा चिखल. मागच्या बाजूला हाताएवढ्या पट्टीत लोखंड उरलं होतं. बाकी नुसता रंग उभा होता.

मग कळलं. पश्चिमेचा गुणगुणत होता कारण तो जिवंत होता. पूर्वेचा चटकन शांत व्हायचा कारण त्याच्यात थरथरायला काही उरलंच नव्हतं. बाबांचं वाक्य तू मला जूनमध्येच लिहिलं होतंस. गप रवता तेका भी. मी ते वाचलं, घडी केली, डब्यात ठेवलं. आणि ज्याने आवाज केला त्याला घाबरून बारा पोरी, रोज दोन तास, त्या मेलेल्या खांबाखाली आणून उभ्या केल्या. सुरक्षित म्हणून. तुझी नात सगळ्यात उंच, म्हणून सगळ्यात जवळ. तू म्हणालीस पश्चिमेखाली उभी करू नको, मी तुझं ऐकलं. तू आणि मी मिळून तिला तिथे नेलं, ताई. रागावू नकोस, लिहिल्याशिवाय राहवत नाही.

एक लपवलं होतं, तेही लिहितो. १२ सप्टेंबरला क्षमा चेंडू टाकून वेगात गेली ती खांबाला आपटली. पूर्वेच्या. तिला काही झालं नाही. पण त्या वेळी रिंगेची सावली जमिनीवर बोटभर सरकली आणि परत आली. मी पाहिलं. मी स्वतःला सांगितलं, ढग. आभाळात ढग नव्हताच. तुझ्या भाषेत, मांजर.

  आता शेवंतीलाही सांगितलंय, आणि घरात दोघं घाबरलेले आहेत, पण त्यात काही वाईट नाही असं दिसतंय.

चंद्रप्रकाशना त्याच दुपारी घेऊन गेलो, भोक दाखवलं. ते वाकलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "सुबोधजी, सतरा वर्षं उभा राहिला, आणखी एक महिना नाही राहणार? पाहुणे येऊन जाऊ देत, मग नवा करू. तोवर ओटा बांधून टाका आणि रंग मारा. तुमच्याइतकं सफाईदार कोण करतं?" मी म्हटलं, तेच तर.

शुक्रवारी, ३१ ऑक्टोबरला, सकाळी मुलींना बोलावलं. वर्कशॉपमधून गॅस कटर नेला. खांबाची उंची आणि पुढचा हात धरून साडेपाच मीटर होतात. मी दहा मीटरवर खडूची रेषा मारली आणि सांगितलं, या रेषेच्या आत पाऊल टाकेल ती संघाबाहेर. क्षमा म्हणाली, "सर, कापल्यावर संघ तरी कुठे राहतो?" मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, "दोरी लांब आहे ना? आम्ही धरतो. तुम्ही कापा." बाराही जणींनी रेषेमागून दोरी धरली. ऋतिका सगळ्यात मागे, अंगाला वेढा घेऊन.

मी धरून चाललो होतो की पाऊण कापावा लागेल. चौथाई कापला आणि तो आला. दोरी कुणी ओढलीच नाही. रिंग जिथे जमिनीत घुसली तिथे रोज फ्री थ्रोसाठी दोन्ही बाजूंना मुली उभ्या राहतात. फरशी फुटली.  मग त्या केमिस्टवाल्या बुटक्या मुलीने जाऊन जाळं सोडवलं, फास न तोडता, आणि माझ्या हातात दिलं.

पश्चिमेचा उभा आहे. चार बोल्ट आवळले. ओटा परत बांधलेला नाही, बांधणार नाही.

अनिरुद्ध सरांना मीच फोन केला. सामना अंधेरीला घ्याल का म्हणून. ते म्हणाले, "खांब पडला म्हणे?"

"पडला नाही. पाडला."

"सुबोध, माझ्या सात मुली चार वर्षं त्याच्याखाली खेळल्या."

"हो."

 मग म्हणाले, "मैदान देतो. पण सोडणार नाही, धुऊन काढीन."

"काढा," मी म्हटलं.

दोघींच्या घरून निरोप आला, मुली येणार नाहीत. त्यांना मी काय सांगणार? उरल्या दहा. माझी नेमणूक ३० नोव्हेंबरपर्यंतच आहे, तसं पत्र आलंय; सामन्यानंतर एक दिवस. पार्किंगचा नकाशा पुन्हा भिंतीवर लागलाय. सराव सध्या चारकोपच्या पालिकेच्या मैदानात, सकाळी सहाला, तिथल्या दोन खांबांखाली. पहिल्या दिवशी मुलींना बाहेर उभं करून मी दोन्ही बुंधे जमिनीलगत ठोकून पाहिले. मग ऋतिका पुढे आली, वाकली आणि बुंध्याला हात लावून बसली. मला म्हणाली, "सर, तुमी मारा." मी हातोडी मारली. ती हसली आणि म्हणाली, "वाजता."

ऋतिकाला परत पाठवू का? तू सांगशील तसं. मी पाठवू म्हणत नाही आणि ठेवू म्हणत नाही, तो हक्क मी गमावलाय. तिने वेगळं पत्र लिहिलंय, यातच घातलंय, मी वाचलेलं नाही.

तुझा,
सुबोध

ता. क. भोक दाखवलं त्या दुपारी चंद्रप्रकाशनी एक कागदही पुढे केला होता, लगेच ऑफिसातून टाइप करून आणवलेला, एका ओळीचा: "दोन्ही खांब मी स्वतः बनवले असून ते सुस्थितीत आहेत." खाली माझं नाव, सहीपुरती जागा. ओळीचा पहिला अर्धा भाग खरा होता. सही केली असती तर पाच वर्षांचा करार, मुख्य प्रशिक्षक म्हणून, महिना पंचेचाळीस हजार. मी नाही म्हटलं. पाच वर्षांचे सत्तावीस लाख होतात.